पाकीट आधी बोलतं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पॅकेजिंग डिझायनर’ असं छापलंय. सकाळपासून चार जणांनी विचारलं, म्हणजे तू नक्की करतोस काय? तर तुमच्या घरी मसाल्याचं, बिस्किटाचं, वेफर्सचं जे पाकीट येतं, त्यावर काय छापायचं, कुठे छापायचं आणि कुठल्या रंगात, हे ठरवणाऱ्यांपैकी मी एक. तीस वर्षं हेच करतोय. चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर बसून वहीच्या पुठ्ठ्यावर मी जी अक्षरं कोरायचो, त्यावरच पुढे पोट भरलं. सर समोर बसलेत म्हणून हे मुद्दाम सांगतो.

माझ्या आधी आपली डॉक्टर मैत्रीण मधुमेहावर बोलली. तिने सांगितलेला आकडा पुन्हा एकदा लक्षात घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी मोठी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात देशातल्या मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर निघाली, आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी 13 कोटींहून जास्त. याला पाकिटंच कारणीभूत आहेत असं मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीला पाकीट नसतं. पण घरात रोज काय येतं हे आता बऱ्याच अंशी पाकीट ठरवतं. ते कसं, आणि त्यावर सरकारने काही बंधन घालावं का, एवढंच मला आज बोलायचंय.

आपण लहान असताना वाण्याकडून साखर, डाळ, गूळ कागदाच्या पुड्यांतून यायचं. पुडीला चेहरा नव्हता. बोलायचा तो वाणी. ‘ही तूरडाळ घ्या वहिनी, कालच आलीय’, यावर आईचा विश्वास असायचा किंवा नसायचा. आता मॉलमध्ये ट्रॉली ढकलत फिरताना कोणीच काही बोलत नाही. बोलतं ते पाकीट, आणि ते एका नजरेत बोलतं, कारण तुम्ही त्याला तेवढाच वेळ देता. खेड्यातल्या दुकानात पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा टांगलेल्या असतात. त्या कुणाच्या नजरेच्या उंचीला असतात ते पुढच्या वेळी बघा.

हे बोलणं शब्दांचं नसतं, आणि माझ्या सगळ्या सांगण्याचं मूळ इथे आहे. चकचकीत पाकीट म्हणजे कुरकुरीत, चटकदार. मॅट फिनिश, थोडा खडबडीत स्पर्श, म्हणजे नैसर्गिक. पोत्याच्या तागाचा किंवा खाकी कागदाचा पोत प्लॅस्टिकवर छापला की आतला माल घरगुती वाटायला लागतो. हिरवा म्हणजे प्रकृतीला बरा, जांभळा-सोनेरी म्हणजे मोठ्या घरचा, पांढऱ्यावर थोडासा निळा म्हणजे हलका, कमी चरबीचा. अक्षर हाताने लिहिल्यासारखं असलं की आजीने केलंय असं वाटतं. बैठकीत आम्हाला सांगितलं जातं, ‘जरा गावाकडचं वाटू दे.’ मग मागे शेत येतं, कडेला मातीचं मडकं येतं. आतला माल ज्या कारखान्यात होतो तिथे मडकं कुणी पाहिलेलंही नसतं. चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’ असं आलं, की कायद्याचं समाधान होतं.

हे सगळं आजचं नाही. लुई चेस्किन नावाचा एक माणूस गेल्या शतकात अमेरिकेत होऊन गेला. माणसाला वेष्टनाबद्दल जे वाटतं ते तो नकळत आतल्या मालाला चिकटवतो, असं त्याने दाखवून दिलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 2007 सालचा एक प्रयोग आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतो. तीन ते पाच वर्षांची 63 मुलं घेतली. एकच खाणं दोनदा दिलं, एकदा साध्या कागदात आणि एकदा मॅकडोनाल्ड्सच्या कागदात. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत मुलांना दुसरं जास्त चविष्ट लागलं. त्यात गाजरं होती, जी मॅकडोनाल्ड्सची नव्हतीच. 2013 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या एका संशोधकाने चॉकलेटच्या वडीवर उष्मांकाचा तोच आकडा एकदा लाल पट्टीत आणि एकदा हिरव्या पट्टीत दाखवला. हिरव्या पट्टीची वडी लोकांना जास्त आरोग्यदायी वाटली. हे प्रयोगातले लोक मोठे होते, शिकलेले होते आणि आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

मला माझ्या धंद्याची लाज नाही, हे इथेच सांगून टाकतो. वेफर्सच्या पाकिटात निम्मी हवा असते म्हणून लोक चिडतात. ती हवा म्हणजे नायट्रोजन. ती नसेल तर तेल खवट होतं आणि दुकानात पोचेपर्यंत वेफर्सचा चुरा होतो. सुट्या तेलातली भेसळ पाकिटामुळे कमी झाली. पाकिटावर तारीख आली, बॅच नंबर आला, तक्रार कुणाकडे करायची तो पत्ता आला. चांगलं पाकीट मालाची कड घेतं आणि तो त्याचा हक्क आहे. प्रश्न इतकाच की समोरची बाजू कोण मांडतं?

कायदा म्हणतो, समोरची बाजू पाकिटाच्या पाठीवर आहे. तर ते उलटं करून बघू. बहुतेकांच्या खिशात आता चष्मा असतोच.

घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. जे सर्वांत जास्त, ते आधी. पण साखर एकाच नावाने येत नाही. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशी ती चार ठिकाणी विभागून येते, आणि प्रत्येक वाटा लहान म्हणून यादीत खाली सरकतो. मिठाच्या जागी ‘सोडियम’ मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं, पण दुकानात उभं राहून कोण गुणाकार करतो? गणिताच्या बाईंनी आमच्याकडून पाढे पाठ करून घेतले तेव्हा त्याचा हा उपयोग त्यांच्याही डोक्यात नसेल.

मग येते ‘सर्व्हिंग’. मुलांच्या दुधात घालायची एखादी पावडर घ्या आणि 100 ग्रॅममागे वरून घातलेली साखर 32 ग्रॅम आहे असं समजा. पण एका कपाची सर्व्हिंग 20 ग्रॅम धरली, की आकडा होतो 6.4 ग्रॅम. नियमात दिवसाची मर्यादा 50 ग्रॅम धरलेली आहे, म्हणजे जेमतेम 13 टक्के. वाचणारी आई म्हणते, ठीक आहे. पण मूल दोन कप पितं. आणि ती 50 ग्रॅमची मर्यादा दिवसाला 2000 उष्मांक लागणाऱ्या मोठ्या माणसाची आहे, सहा वर्षांच्या पोराची नाही. वेफर्सचं पाकीट 50 ग्रॅमचं आणि सर्व्हिंग 20 ग्रॅमची असेल, तर एका पाकिटात अडीच माणसं बसतात. मला ते अर्धं माणूस अजून भेटायचंय. यातला एकही आकडा खोटा नसतो. आकड्यांची मांडणी अशी असते की ते बोलतच नाहीत.

आणि भाषा! नियमाप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत द्यायची. मराठी दिली तर चालते, द्यायलाच पाहिजे असं नाही. माझी थोरली बहीण, माई, चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला साखरेचा त्रास आहे. रोजचं वर्तमानपत्र ती पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत वाचते, तेव्हा तिला निरक्षर कुणी म्हणू नये. ती चहाबरोबर एक विशिष्ट बिस्किट खाते. विचारलं तर म्हणाली, ‘हे चालतं रे मला, यावर गव्हाची लोंबी आहे.’ पाकीट हिरवट खाकी आणि लोंबी खरोखर सुंदर काढलेली. ते काम माझं नाही, पण कुणाचं असेल याचा मला अंदाज आहे आणि हात चांगला आहे. पाठीवर पहिला घटक मैदा आणि लगेच पुढे साखर, सगळं इंग्रजीत. मी तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मग लोंबी कशाला काढली?’ या प्रश्नाला आमच्या धंद्यात उत्तर आहे, पण ते बहिणीला सांगण्यासारखं नाही.

सरकार काहीच करत नाही असं नव्हे. आपल्याकडे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण आहे, लोक त्याला एफएसएसएआय म्हणतात. 2024 च्या एप्रिलमध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका, कारण कायद्यात तशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, घट्ट रसात पाणी घालून केलेल्या फळांच्या रसावर ‘100 टक्के’ लिहायला एफएसएसएआयने मनाई केली. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये आदेश निघाला की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायचा नाही. त्यासाठी हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई कित्येक वर्षं झगडत होत्या. जुलाब झालेल्या लेकराला आई औषध समजून सरबत पाजत होती, आणि ते थांबवायला इतकी वर्षं गेली. हे सगळे आदेश योग्यच आहेत. पण बघा, प्रत्येक वेळी एक शब्द काढला जातो. शब्द काढला तर आम्ही दुसरा शोधतो, आणि शब्दांवाचूनही आमचं फारसं अडत नाही. लोंबीवर बंदी कशी घालणार?

वजनाचा एक स्वतंत्र विषय आहे. किंमत पाच रुपयेच ठेवून माल कमी कमी करत नेणं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. 2022 पर्यंत बऱ्याच वस्तू ठरावीक वजनांतच भराव्या लागत. ती अट गेली आणि बदल्यात ग्रॅममागची किंमत छापणं आलं. ती पाकिटावर शोधून काढण्याची स्पर्धा आपण जेवणानंतर घेऊ शकतो.

आता माझं मत. चित्राला उत्तर चित्रानेच द्यावं लागतं, आणि तेही त्याच बाजूला, पुढे. हे आपल्याला परदेशातून शिकायची गरज नाही. शाकाहाराचा हिरवा ठिपका बघा. तो 2001 च्या सुमारास सक्तीचा झाला. आज या सभागृहात असा कोणी नाही ज्याला तो समजत नाही, आणि समजण्यासाठी कुणी काही वाचलेलं नाही. माईलाही समजतो. चौकोनात ठिपका, बस. मांसाहाराचा ठिपका खरं तर तपकिरी, आपण त्याला लाल म्हणतो ते सोडा. पुढे लक्षात आलं की ज्यांना हे रंग वेगळे दिसत नाहीत त्यांचा घोटाळा होतो. म्हणून 2020 च्या नियमांत मांसाहाराचा ठिपका जाऊन त्रिकोण आला. डिझाइनवाला म्हणून सांगतो, या देशात सरकारी कागदावर झालेलं हे सर्वांत यशस्वी चित्र असेल. तेव्हा ‘आपल्या लोकांना खुणा कळत नाहीत’ हे कृपा करून कुणी मला सांगू नये.

साखर, मीठ आणि चरबीसाठी अशी खूण करायची चर्चा आपल्याकडे बरीच वर्षं चालू आहे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये एफएसएसएआयने मसुदा काढला आणि त्यात तारे सुचवले, अर्ध्यापासून पाचपर्यंत. साखर, मीठ, चरबी यांचे गुण वजा करायचे, आणि फळं, सुका मेवा, भरडधान्यं, तंतू, प्रथिनं यांचे मिळवायचे. 2025 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत निर्णयाप्रत या असं सांगितलं, आणि जुलैमध्ये आणखी तीन महिने वाढवून दिले. आज मी इकडे येताना एसटी स्टँडवर जे पाकीट घेतलं, त्यावर पुढे अजून काही नाही.

ताऱ्यांना माझा विरोध आहे, आणि तो धंद्यातल्या माणसाचा विरोध आहे. तारा हे कौतुकाचं चिन्ह आहे. बालवाडीत हातावर काढतात ते. मला दीड तारा दिलात तरी मी तो सोनेरी दाखवीन आणि पाकीट सजवीन. शिवाय बेरीज-वजाबाकीत साखर लपते. मूठभर बदाम आणि थोडी नाचणी घातली की भरपूर साखरेचा माल वर चढतो. दहावीला इंग्रजीत नापास झालेल्याला चित्रकलेचे गुण जोडून पास करण्यासारखं आहे हे, आणि त्या सोयीचा मी स्वतः फायदा घेतला असता.

दुसरा मार्ग इशाऱ्याचा. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने 2016 च्या जूनपासून तो धरला. पाकिटावर पुढच्या बाजूला काळा अष्टकोन आणि आत सरळ शब्द: साखर जास्त, मीठ जास्त, चरबी जास्त, उष्मांक जास्त. चार गोष्टी जास्त असतील तर चार अष्टकोन. ज्याच्यावर अष्टकोन आहे त्याच्यावर मुलांना भुलवणारी कार्टूनं नाहीत. केलॉग्जच्या डब्यावरचा वाघ तिथे गेला. पहिल्या टप्प्यानंतर गोड पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घटल्याचं एका अभ्यासात दिसलं. जाहिरातींवर आणि शाळांमधल्या विक्रीवरही त्याच वेळी बंधनं आली होती, त्यामुळे सगळं श्रेय अष्टकोनाचं नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अष्टकोन नको म्हणून कंपन्यांनी मालातली साखर-मीठच कमी केलं. ज्याने पाकिटाकडे पाहिलंही नाही, त्याच्याही पोटात कमी साखर गेली. मेक्सिको, पेरू, उरुग्वे याच वाटेने गेले.

आक्षेप आहेत, आणि काही खरे आहेत. साखर काढली तिथे बऱ्याच ठिकाणी कृत्रिम गोडी आली. म्हणून मेक्सिकोने त्यासाठी वेगळी सूचना छापायला लावली. आपल्याकडे सर्वांत मोठा प्रश्न लोणचं, पापड आणि तुपाचा. 100 ग्रॅमच्या हिशोबाने लोणच्यावर ‘मीठ जास्त’ येणारच, पण लोणचं कोणी वाटीने खात नाही. माझं म्हणणं असं की येऊ दे. लोणच्यात मीठ जास्त असतं हे आपल्या आज्जीलाही ठाऊक होतं, त्याने लोणचं बंद होणार नाही. पण बचत गटाच्या बायकांनी पापडाची पिशवी पुन्हा छापायची म्हटलं तर पैसा लागतो. छपाईत प्रत्येक रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो. मोठ्या कंपनीला ते दर काही महिन्यांनी परवडतं, बचत गटाला दहा वर्षांत एकदा. त्यांना मुदत जास्त द्यावी, खुणेचा स्टिकर चालावा. बंधन घालताना सगळ्यांना एकाच मापाने मोजलं, तर मोठ्यांचीच सोय होते.

‘लोकांनी स्वतः ठरवावं’ असंही म्हणतात. अगदी कबूल. पण ठरवण्यासाठी दोन्ही बाजू एकाच वेळी दिसाव्या लागतात. सोनेरी लोंबी पुढे, हाताएवढी. मैदा मागे, इंग्रजीत, मुंगीएवढा. हे ठरवणं कसलं?

शेवटची गोष्ट आपल्या शाळेची. 2020 चे नियम आहेत की साखर, मीठ, चरबी जास्त असलेलं खाणं शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचं नाही. सकाळी येताना मी पावलं मोजली. फाटकासमोर, चिंचेच्या पलीकडे, जी टपरी आहे ती 50 मीटरच्या खूपच आत आहे, आणि तिच्यावर सोळा माळा टांगलेल्या आहेत. टपरीवाला आपल्याच शाळेचा विद्यार्थी, आपल्या मागे सहा वर्षं. मी त्याला नियम सांगितला. त्याला तो माहीत नव्हता, पण तो चिडला नाही. त्याने फक्त विचारलं, ‘दादा, यातलं कुठलं काढू?’ पाकिटावर खूण असती तर मी बोट दाखवून सांगितलं असतं. चिलीत शाळांसाठी हेच केलंय. अष्टकोन असेल ते शाळेत विकायचं नाही, संपलं. निरीक्षकालाही वाचावं लागत नाही. आपल्याकडे मला त्या सोळा माळांची पाठ एकेक करून वाचावी लागली, चष्मा लावून. त्याला अर्धा तास लागला, आणि सोळापैकी शेंगदाण्याची चिक्की धरून तीनच बिनधास्त ठेवावीशी वाटली. चिक्कीबद्दल डॉक्टर मैत्रिणीचं मत वेगळं आहे, तिने मघाशी खुणेने सांगितलं.

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे म्हणून एवढंच सुचवतो. माजी विद्यार्थी संघाने या वर्षी जो निधी जमवलाय, त्यातून टपरीवाल्याला तीन महिने भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी ठेवून बघायला मदत करावी. त्याचा तोटा झाला तर तो आपण भरून द्यावा. आणि आठवी-नववीच्या चित्रकलेच्या तासाला मुलांकडून आपली स्वतःची खूण काढून घ्यावी, सरकारची येईपर्यंत. मी त्या तासाला येईन. शास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर, ती तेरा पाकिटं मी ठेवली आहेत, पाठ वर करून. जेवणाला अजून पंधरा मिनिटं आहेत, ज्यांना बघायची असतील त्यांनी बघून घ्या. भिंगही तिथेच ठेवलंय.